कुलूप बाजारातलं, किल्ली आपली

चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा पाठ असतो. महसूल मंडळात एवढा पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मग पंचनाम्याचे आदेश निघतात, तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येतात, पुढे अनुदानाच्या याद्या लागतात. मंडळाची नोंद ६२ वर थांबली, तर शेतात गुडघाभर पाणी असूनही अर्ज, निवेदन, तहसीलसमोरचं उपोषण असा लांबचा रस्ता धरावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत जो पाऊस झाला, तेव्हा सोयाबीन पाण्याखाली असताना गावोगाव पहिला प्रश्न हाच होता, की आपल्या मंडळात किती नोंदला. हा आकडा आता बहुतेक ठिकाणी माणूस मोजत नाही. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, आणि फळपिकांच्या हवामान आधारित विम्याची भरपाई अशाच केंद्रांच्या नोंदींवर ठरते. केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत तर तालुक्याला हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला स्वयंचलित पर्जन्यमापक अशी आखणी आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांत मिळून साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. म्हणजे एका लहानशा जिल्ह्यात साडेपाचशे स्वस्त यंत्रं, आणि प्रत्येकाच्या आकड्यावर एका गावाचा पैसा.

अशा यंत्राच्या आत डोकावून पाहिलं तर फार काही नसतं. वर नरसाळं, खाली तराजूसारखी हलणारी दोन छोटी खोरी. एक खोरं ठरावीक पाण्यानं भरलं की कलंडतं, पाणी सांडतं आणि दुसरं खोरं वर येतं. प्रत्येक कलंडण्याबरोबर एक लोहचुंबक एका बारीक स्विचसमोरून जातो आणि एक टिचकी मोजली जाते. ज्या मापकाची एक टिचकी ०.२ मिलिमीटरची, त्यात ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ टिचक्या. त्या मोजायला बोटाच्या पेराएवढी चिप, पाठवायला सिमकार्डाचं मोडेम, चालवायला एक सौर पाटी आणि बॅटरी. चिपमधला आकडा मोबाईलच्या जाळ्यातून दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथे तो सरकारी नोंद होतो. शेतातल्या खांबापासून त्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेवर आकडा कोणी बदलू नये, दुसऱ्याच कुठल्या यंत्रानं या मापकाचं नाव सांगून खोटा आकडा पाठवू नये, एवढीच इथली सुरक्षा. पाऊस किती पडला हे गुपित नाही, ते सगळ्या गावाला दिसतं. जपायचा असतो तो आकड्याचा खरेपणा.

ही सुरक्षा देणारं सॉफ्टवेअर कुठून आणायचं, हा या लेखाचा विषय. यंत्र बनवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, जगभर वापरात असलेल्या, उघडपणे प्रसिद्ध झालेल्या आणि तपासल्या गेलेल्या पद्धती जशाच्या तशा घ्यायच्या. दोन, आपल्या यंत्रापुरती आपलीच पद्धत घडवायची. छोटी, हलकी आणि कोणाला माहीत नसलेली. दुसरी वाट स्वस्त वाटते, जागा कमी खाते, आणि ‘आमची पद्धत कोणालाच माहीत नाही’ हे वाक्य ग्राहकापुढे वजनदार वाटतं. माझं म्हणणं असं की स्वस्त यंत्रासाठी ही दुसरी वाट जवळजवळ नेहमीच महाग पडते. कुलूप बाजारातलंच, हजारांनी फोडून पाहिलेलं घ्यावं. आपली असावी ती किल्ली, आणि ती किल्ली कोण, कुठे, किती वर्षं सांभाळणार याचा विचार. घडवायची मेहनत करायची असेल तर ती तिथे करावी.

घरगुती पद्धत कशी फसते, ते एका साध्या उदाहरणात दिसतं. यंत्र बनवणाऱ्या अनेक होतकरू मुलांना पहिली सुचते ती युक्ती अशी: एक गुप्त आकडा ठरवायचा आणि पाठवायचा प्रत्येक आकडा त्याच्याशी मिसळायचा. दोन आकड्यांचे बिट एकावर एक ठेवायचे. सारखे असतील तिथे शून्य, वेगळे असतील तिथे एक. गुप्त आकडा ९० धरा. ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर या रीतीनं वाटेत दिसतो २७. बघणाऱ्याला काही कळत नाही, बनवणाऱ्याला समाधान वाटतं. पण हिंगोलीत एप्रिल-मे महिन्यांत आठवडेच्या आठवडे पाऊस शून्य असतो, आणि शून्यात ९० मिसळला की उरतो ९०. म्हणजे कडक उन्हाळ्यात हे यंत्र दर थोड्या वेळानं आपली किल्लीच हवेत ओरडून सांगत राहतं. ती ज्यानं एकदा ऐकली, त्याला पावसाळ्यातला प्रत्येक आकडा वाचता येतो आणि हवा तो बनवताही येतो. बनवणारा मूर्ख नव्हता. त्यानं पाऊस असलेल्या दिवसाचा विचार केला, पाऊस नसलेल्या दिवसाचा केला नाही. सुरक्षेत चूक अशीच होते, आणि एकट्यानं केलेली चूक दाखवायला दुसरा कोणी नसतो.

मोठ्या कंपन्याही याच खड्ड्यात पडल्या आहेत. १९९४ पासून जगभर बस-मेट्रोच्या तिकिटांत आणि कार्यालयांच्या दारांत वापरल्या गेलेल्या मायफेअर क्लासिक कार्डांत ‘क्रिप्टो-१’ नावाची खासगी, गुप्त पद्धत होती. अशी शंभर कोटींहून अधिक कार्डं विकली गेली. डिसेंबर २००७ मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ या दोन संशोधकांनी बर्लिनच्या एका परिषदेत दाखवलं, की त्यांनी चिपचे थर एकामागून एक घासून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून आतली रचना वाचली आहे. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या रॅडबाऊड विद्यापीठातल्या संशोधकांनी पद्धतच उलगडून ठेवली. चिप बनवणारी कंपनी न्यायालयात गेली. न्यायालयानं संशोधन प्रसिद्ध करायला मज्जाव केला नाही. रचना उघड झाल्यावर कळलं की किल्ली अवघी ४८ बिटांची होती आणि पद्धत मुळातच कच्ची होती. चौदा वर्षं ती टिकली असं दिसत होतं, कारण तोवर कोणी नीट पाहिलंच नव्हतं. आणि पाहिलं तेव्हा कार्डं लोकांच्या खिशात होती, ती परत कशी बोलवणार?

शेतातल्या यंत्रांशी अधिक जवळचं उदाहरण वीजमीटरांचं आहे. युरोपात ‘ओपन स्मार्ट ग्रिड प्रोटोकॉल’ नावानं एक मानक होतं आणि त्यावर चालणारी सुमारे ४० लाख यंत्रं बसवलेली होती. संदेश खरा आहे की नाही हे ताडण्यासाठी त्यात एक घरगुती पद्धत घातलेली होती. २०१५ मध्ये फिलिप योव्हानोविच आणि सॅम्युएल नेव्हेस यांनी ती तपासली, आणि त्यांच्या एका हल्ल्याला पद्धत मोडायला अवघे १३ प्रश्न पुरले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण आपल्याकडच्या निविदांमध्ये नेमका इथेच घोळ होतो. त्या पद्धतीवर ‘मानक’ असा शिक्का होता. पोलिसांच्या बिनतारी संचांसाठीच्या ‘टेट्रा’ या मानकावरही होता; पण त्यातली गुपित ठेवलेली ‘टीईए-१’ पद्धत २०२३ मध्ये डच संशोधकांनी तपासली, तेव्हा ८० बिटांची म्हणून दिलेली किल्ली आत ३२ बिटांवर आणलेली निघाली. तेव्हा प्रमाणित म्हणजे शिक्का मारलेलं नव्हे. ज्यांना ती पद्धत मोडून नाव कमवायचं होतं अशा जगभरच्या तज्ज्ञांच्या हाती जी उघडी दिली गेली, आणि तरीही वर्षानुवर्षं मोडली नाही, ती पद्धत प्रमाणित. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यानं १८८३ मध्येच लष्करी संकेतांबद्दल लिहिताना हे सांगून ठेवलं होतं, की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होऊ नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. सेनगावच्या माळावर खांबावर उभं असलेलं यंत्र तर कोणाच्याही हाती पडू शकतं. पाना आणि पाच मिनिटं पुरतात.

आज जगातला बहुतेक व्यवहार ज्या ‘एईएस’ पद्धतीवर चालतो, तिची निवड अमेरिकेच्या मानक संस्थेनं, ‘निस्ट’नं, १९९७ पासून खुल्या स्पर्धेतून केली. पंधरा पद्धती मैदानात उतरल्या, स्पर्धकांनी एकमेकांच्या फोडायचा प्रयत्न केला, आणि योन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत टिकली. नोव्हेंबर २००१ मध्ये ती मानक झाली. पाव शतक झालं, तिच्या गाभ्याला धक्का लावणारा व्यवहार्य हल्ला सापडलेला नाही. ‘पण आमची चिप इतकी लहान आहे की तिच्यात हे मावणार नाही,’ हा पहिला आणि सगळ्यात प्रामाणिक आक्षेप. विद्यार्थ्यांच्या आर्डुइनो पाटीवर असते ती एटीमेगा ३२८ चिप घेऊ. तिच्यात प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट जागा. एईएसची छोटी मांडणी काही किलोबाइटांत बसते आणि काळजीपूर्वक लिहिली तर सोळा बाइटांचा एक तुकडा एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात पक्का करते. दर दहा मिनिटांनी एक आकडा पाठवणाऱ्या मापकाला याहून जास्त काय हवं? काही शे रुपयांत मिळणाऱ्या ईएसपी-३२ मध्ये तर एईएसचं काम करणारा वेगळा भागच चिपवर कोरलेला असतो. संकेतस्थळांसाठीची पूर्ण टीएलएस पद्धत, तिची प्रमाणपत्रं आणि सुरुवातीची लांबलचक ओळखपरेड २ किलोबाइटांत मावत नाही, हे खरं. पण त्यावर उतारा घरगुती पद्धत हा नाही. आधीच वाटून ठेवलेल्या किल्लीवर चालणाऱ्या हलक्या प्रमाणित पद्धती आहेत. आणि खास लहान यंत्रांसाठी ‘निस्ट’नं पुन्हा एक स्पर्धा घेतली, ५७ प्रस्ताव आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ॲस्कॉन’ची निवड झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिचं मानक प्रसिद्ध झालं. लहान चिपची सबब आता उरलेली नाही.

केवळ पक्का संकेत घेऊनही भागत नाही, आणि प्रमाणित पद्धत संपूर्ण का घ्यावी याचं कारण इथे आहे. समजा आकडा एईएसनं बंद करून पाठवला. वाटेवर बसलेल्याला तो वाचता येत नाही. पण जोरदार पावसाच्या दिवशीचा बंद लिफाफा तो जपून ठेवू शकतो आणि आठवड्यानं तोच पुन्हा सर्व्हरला पाठवू शकतो. सर्व्हर लिफाफा उघडतो, किल्ली जुळते, पाऊस नोंदतो. यावर इलाज साधा आहे: प्रत्येक संदेशावर चढता क्रमांक, आणि आधी येऊन गेलेला क्रमांक पुन्हा आला तर नकार. प्रमाणित पद्धतीत तो आधीपासून असतो. घरगुती पद्धतीत तो कोणाला तरी सुचावा लागतो, आणि शिवाय वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू झालं की क्रमांक शून्यावर येऊ नये हेही सुचावं लागतं. सुचायच्या अशा गोष्टी दहा-वीस असतात. भारतीय स्मार्ट मीटरसाठीच्या आयएस १५९५९ या मानकानं स्वतःचा संकेत न शोधता जगभर चाललेली डीएलएमएस पद्धत आणि तिच्यातला एईएस उचलला, ते यासाठीच शहाणपणाचं. स्मार्ट मीटरबद्दल ग्राहकांच्या इतर तक्रारी असतील, त्यांचा विचार वेगळा. पण हा निर्णय बरोबर आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. सगळ्यांनी एकच कुलूप वापरलं, तर ज्या दिवशी ते फुटेल त्या दिवशी सगळ्यांचीच घरं उघडी पडतील. हे घडलेलं आहे. इंटरनेटच्या मोठ्या भागाला सुरक्षा देणाऱ्या ‘ओपन एसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये २०१२ पासून लपलेली ‘हार्टब्लीड’ नावाची चूक एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आली आणि जगभर धावपळ उडाली. एवढं मोठं ओझं तेव्हा मूठभर माणसं तुटपुंज्या देणग्यांवर वाहत होती, हेही तेव्हाच कळलं. उघडं म्हणजे आपोआप तपासलेलं, असं मानणाऱ्यांना तो धडा होता. पण पुढे काय झालं तेही पाहावं. चूक जाहीर झाली त्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती उपलब्ध होती, तज्ज्ञांपासून वृत्तपत्रांपर्यंत सगळ्यांना ती माहीत होती, आणि त्यानंतर त्या सॉफ्टवेअरला पैसा आणि माणसं मिळाली. घरगुती पद्धतीतल्या चुकीला असा दिवसच उगवत नाही. ती ज्याला सापडते तो गप्प राहतो आणि वापरतो. म्हणून आक्षेपातून निघणारा खरा धडा असा, की यंत्रातलं सॉफ्टवेअर दुरून, सही तपासून बदलता आलं पाहिजे. औंढ्यापासून डोंगरकड्यापर्यंत पसरलेल्या साडेपाचशे खांबांवर माणूस पाठवून चिप बदलायची म्हटलं तर एका फेरीचा खर्च चिपच्या किमतीहून कितीतरी जास्त. स्वस्त यंत्राचा महागडा भाग म्हणजे त्याच्यापर्यंतचा रस्ता.

सगळ्यांचं एकच असण्याचा धोका आहे, पण तो कुलपाचा नाही, किल्लीचा आहे. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातले लाखो स्वस्त कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर त्यांचा लोंढा सोडला, तेव्हा अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं बंद पडली. मिरायनं कुठलाही संकेत फोडला नव्हता. कारखान्यातून येताना असलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी घेऊन तो दारोदार फिरला, आणि दारं उघडली. आपल्या शिवारातलं याचं भावंड म्हणजे मोबाईल स्टार्टर. वसमत भागात हळदीला आठ-नऊ महिने पाणी लागतं, आणि लाईट कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्री दोनला लाईट आल्यावर साप-किरडाच्या वाटेनं विहिरीवर जाण्यापेक्षा अंथरुणातून मिस कॉल देऊन मोटार सुरू करणं हा फार मोठा दिलासा आहे. तो कोणी हिरावून घेऊ नये. पण स्टार्टरचा डबा ओळखतो तो फक्त नोंदवलेला नंबर, आणि कॉलवर दिसणारा नंबर म्हणजे ओळख नव्हे. परदेशातून भारतीय नंबराचा मुखवटा लावून येणारे कॉल अडवायला दूरसंचार खात्यानं ऑक्टोबर २०२४ मध्ये यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. एसएमएसवर चालणाऱ्या डब्यांना चार आकडी पासवर्ड असतो, आणि कारखान्यानं घातलेला तो आकडा बदलायचा असतो हे दुकानदार सांगत नाही. विहिरीत पाणी नसताना मोटार चालू राहिली तर जळते. रिवाइंडिंगचा खर्च आणि पाण्याच्या पाळीचे चार दिवस शेतकऱ्याच्या अंगावर पडतात. प्रत्येक डब्याला कारखान्यातच वेगळी किल्ली आणि ती डब्याच्या आतल्या कागदावर छापलेली, एवढ्यानं बरंच काम होईल. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड घालून घरगुती यंत्रं विकायला कायद्यानं बंदी आहे, आणि सुरक्षेची दुरुस्ती किती काळ मिळेल हे विकतानाच सांगावं लागतं. आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षा चाचणीची अट आली. शेतीच्या यंत्रांनाही ती हवी.

तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे: परक्यांनी बनवलेल्या पद्धतींवर आपण का विसंबायचं? त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. त्याच ‘निस्ट’नं २००६ मध्ये यादृच्छिक आकडे बनवायची एक पद्धत मानक म्हणून दिली होती. २००७ मध्येच दोन संशोधकांनी तिच्यात चोरदार असू शकतं हे दाखवलं, २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं फोडलेल्या अमेरिकी हेरखात्याच्या कागदपत्रांनी संशय बळावला आणि २०१४ मध्ये ती मागे घेतली गेली. म्हणजे शिक्क्यावर आंधळा विश्वास नकोच. पण ते चोरदार सापडलं, कारण पद्धत सगळ्यांसमोर मांडलेली होती. आणि स्वावलंबन कुठे असावं याचा चांगला नमुना आपल्या रेशन दुकानात आहे. पॉस मशीनवर अंगठा लावला की बोटाच्या ठशाचा तपशील २५६ बिटांच्या एईएसनं बंद होतो, आणि ती वेळेपुरती किल्ली आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीत गुंडाळली जाते. दोन्ही पद्धती जगाच्या. किल्ली मात्र आपल्या देशातल्या संस्थेच्या हाती. २०१७ मध्ये प्राधिकरणानं अंगठ्याच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी आणि यंत्राची स्वतःची सही आणली. आधीच्या ‘एल-झिरो’ यंत्रांत ही सही जोडलेल्या फोनमधल्या किंवा संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये होई, ‘एल-वन’ यंत्रांत ती अंगठ्याच्या यंत्राच्या आतच, वेगळ्या जपलेल्या भागात होते. आपल्याकडे निविदेत ‘एल-वन’ म्हणजे सगळ्यात कमी दराची बोली. एकाच जिल्हाधिकारी कार्यालयात हा शब्द दोन अर्थांनी फिरतो, आणि दोन्ही अर्थ एकाच यंत्रात जमायला हवेत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर देशी आहेत. स्वदेशीची ताकद तिथे लावावी, आणि पद्धती तपासणारी, फोडून दाखवणारी माणसं तयार करण्यात लावावी.

आधारचं उदाहरण घेतलं की त्याची दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण तिच्यामुळे माझं म्हणणं अपुरं पडतं की काय अशी शंका येते. तेलंगणात २०१८ मध्ये उघड झालेल्या एका प्रकरणात जमीन नोंदणीच्या दस्तांवरचे ठसे घेऊन रबरी नकला बनवल्या गेल्या आणि त्यांवर सिमकार्डं चालू केली गेली. पुढे अनेक राज्यांत अशाच नकली अंगठ्यांनी बँक मित्राच्या मशीनमधून लोकांच्या खात्यातले पैसे काढले गेले. संकेत पक्का, किल्ली पक्की, आणि पैसा गेला. पर्जन्यमापकाचंही तसंच होऊ शकतं. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅन्सासच्या सीमेवर २०१६-१७ मध्ये काही शेतकऱ्यांनी पाऊस कमी नोंदला जावा म्हणून मापकांवर केकची भांडी आणि नांगराचे तवे पालथे घातले, तारा कापल्या, नळीत सिलिकॉन ओतलं. विमा भरपाई पाऊस कमी झाला तर मिळणार होती. दोघांनी २०२४ मध्ये सुमारे ६६ लाख डॉलर भरायचं कबूल केलं. त्या मापकातून निघालेला प्रत्येक आकडा संकेताच्या दृष्टीनं अगदी खरा असू शकतो, आणि पावसाच्या दृष्टीनं धडधडीत खोटा. आपल्याकडे लोभाची दिशा उलटी, ६५ च्या वर नेण्याची. नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतायला संगणक लागत नाही.

म्हणूनच मी म्हणतो की घडवायची मेहनत इथेही, आलेला आकडा पारखण्यात करा. शेजारच्या चार गावांत टिपूस नसताना एका मापकात दहा मिनिटांत ३० मिलिमीटर कसे, हा प्रश्न सर्व्हरनं विचारला पाहिजे. आर्द्रता वाढली का, तापमान उतरलं का, रडारवर ढग होता का, झाकण उघडल्याची खूण नोंदली गेली का, हे एकमेकांशी ताडून पाहिलं पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणानं ठशाच्या रेषांबरोबर बोटाची प्रतिमाही तपासायला सुरुवात केली, ती याच जातीची उपाययोजना. असं सॉफ्टवेअर तयार कुठेच मिळत नाही. कयाधूच्या खोऱ्यातला पाऊस कसा तुटक पडतो, इसापूर धरणाच्या बाजूला काय आणि सेनगावच्या माळावर काय, हे ज्यांना कळतं त्यांच्याबरोबर बसूनच ते लिहावं लागतं. संकेत शोधण्यात महिने घालवणारा कारखानदार नेमकं हेच काम टाळतो.

स्वतःचं सॉफ्टवेअर कुठे शोभतं, तेही हिंगोलीतच दिसणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिलेली ही गुरुत्वलहरींची वेधशाळा. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंत लेझरचा किरण धावणार. असं यंत्र देशात एकच, आणि त्याच्या शेजारी तज्ज्ञ रात्रंदिवस बसलेले. तिथल्या नियंत्रणासाठी खास लिहिलेलं सॉफ्टवेअर लागतंच, आणि ते बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस पुढच्या खोलीत असतो. अमेरिकेतल्या लायगोत शास्त्रज्ञांची संगणकावरची ओळख पटवायला मात्र विद्यापीठांत सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित पद्धतीच आहेत. औंढा तालुक्यातल्याच ग्रामपंचायतीच्या आवारातल्या पर्जन्यमापकाशेजारी कोणी बसलेलं नसतं. यंत्र जितकं स्वस्त, जितकं जास्त संख्येनं आणि जितकं एकटं, तितकं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर दुसऱ्यांनी आधी तपासलेलं हवं.

राहिला प्रश्न खरेदी करणाऱ्याचा. निविदेत ‘यंत्र सुरक्षित असावे’ असं एक वाक्य असतं आणि पुरवठादार त्यापुढे ‘होय’ लिहितो. त्या वाक्याऐवजी पद्धतीचं नाव विचारावं. प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी आहे का, ती कोण बनवतो, कंत्राटाची पाच वर्षं संपल्यावर किल्ल्यांची वही कोणाच्या कपाटात राहते, हे विचारावं. वीज कडाडून पाटी जळाली आणि मेकॅनिकनं नवी बसवली, तर नव्या पाटीला किल्ली कुठून मिळणार? याचं उत्तर नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात कोणीतरी सगळ्या यंत्रांना एकच किल्ली घालून टाकतं, कारण काम थांबवून चालत नाही. आणि उत्तरं तपासायला दिल्ली-पुण्याला जावं लागत नाही. हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. निविदेत नमुन्यादाखल आलेली दोन यंत्रं तंत्रनिकेतनाच्या टेबलावर ठेवावीत. पदविकेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनी दोन्हींची झाकणं उघडून चिपमधली किल्ली वाचता येते का, आणि एकातली किल्ली दुसऱ्याला चालते का, ते पाहावं. नरसाळं कोरडं ठेवून दिवसभर शून्य पाठवू द्यावं आणि वाटेतले संदेश टिपून घ्यावेत. सगळे एकसारखे दिसले तर तिथेच थांबावं. मग तांब्यानं पाणी ओतून ३२५ टिचक्या मोजाव्यात, तो संदेश जपून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाठवावा. सर्व्हर तो नाकारतो की पुन्हा पाऊस नोंदतो, ते दुपारच्या जेवणाआधी कळतं.